रेघा कागदाच्या की भिंतीच्या?

मधले बरेच शनिवार कोरडे गेले. ऑफिसात रिलीज होती, मग दिवाळी, मग नांदेडला घरी चक्कर. आता मात्र एक विषय डोक्यात असा बसलाय की लिहिल्याशिवाय सुटका नाही. विषय ऐकून हसाल. तिरप्या रेघा! इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीटवर आपण कापलेल्या भागात ४५ अंशात मारायचो ना, त्या. हॅचिंग. विष्णुपुरीला हॉस्टेलवर रात्री दोन वाजता मिनी ड्राफ्टर धरून त्या मारताना मी आयुष्यात परत हॅचिंगचं नाव घेणार नाही अशी शपथ खाल्ली होती. ती शपथ यावर्षी मोडली.

तर झालं असं. लातूरला माझा एक सिव्हिलवाला मित्र आहे. औसा, निलंगा या भागातली जुनी दगड-मातीची घरं मजबूत करून द्यायची कामं तो घेतो. प्रत्येक घराची मापं वेगळी, पण काम साधारण सारखंच. भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून आरपार काँक्रीटचा तुकडा बसवायचा, खिडकी-दरवाजांच्या वरून घराभोवती पट्टा फिरवायचा, कोपरे बांधायचे. दर वेळी नव्यानं ड्रॉइंग काढण्यात त्याचा वेळ जायचा. म्हटलं, थांब, प्रोग्राम लिहून देतो. मापं भरा, बटण दाबा, पीडीएफ तयार.

दोन रविवारांत झालं. एका घराचे दोन कागद निघायचे. पहिल्यावर भिंतीचा उभा छेद, १:२० या प्रमाणात. दुसऱ्यावर तेच छेद निम्म्या आकारात, १:४० ला, म्हणजे घराच्या सगळ्या भिंती एका पानावर दिसाव्यात. जुन्या दगडासाठी ३ मिलिमीटर अंतरावर तिरप्या रेघा, नव्या काँक्रीटसाठी १.५ मिलिमीटर अंतरावर. कोणती रेघ म्हणजे काय, ही खुणांची यादी फक्त पहिल्या कागदावर. दुसऱ्यावर जागाच नव्हती.

आठवडाभरानं मित्राचा फोन. गवंड्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं होतं, "साहेब, ही भिंत आख्खी काँक्रीटची करायची का?"

मी आधी हसलो. मग फाईल उघडून दोन्ही पानं पट्टीनं मोजली आणि हसू गेलं. दुसऱ्या पानावर चित्र निम्मं झालं होतं आणि चित्राबरोबर रेघाही निम्म्या झाल्या होत्या. दगडाच्या ३ मिलिमीटरच्या रेघा तिथे बरोबर १.५ मिलिमीटरवर आल्या होत्या. आणि पहिल्या पानावरच्या यादीत १.५ म्हणजे काय? काँक्रीट. माझ्या प्रोग्रामनं अख्ख्या घराच्या दगडाचं काँक्रीट करून टाकलं होतं! खऱ्या काँक्रीटच्या रेघा तर पाऊण मिलिमीटरवर येऊन झेरॉक्समध्ये नुसता करडा डाग झाल्या होत्या. गवंड्यानं विचारलं म्हणून बरं. उलट समजून तो आरपार तुकडे न बसवताच पुढे गेला असता तर?

हा प्रश्न लातूर जिल्ह्यात हलक्यानं घेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आसपासची गावं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. सरकारी आकड्यानुसार ८ हजारांच्या आसपास माणसं मेली. भूकंपाची तीव्रता ६ च्या थोडी वर होती. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप याहून कमी जीव घेऊन गेलेत. इथे माणसं मारली ती भिंतींनी आणि माळवदांनी. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड भिंती, आतून दगड, बाहेरून दगड, मधे चिखल आणि कपच्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. वर उन्हा-पावसासाठी वर्षानुवर्षं थापलेली फूट-दोन फूट पांढरी माती. हादरा बसल्यावर भिंतीचे दोन थर फुगून वेगळे झाले आणि वरचं ओझं खाली आलं.

म्हणजे बघा, त्या छेदाच्या चित्रात आरपार तुकडा आहे की नाही, आणि कुठे आहे, हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आणि ती गवंड्याला कशावरून कळते? रेघांच्या अंतरावरून. दुसरं काही नाही.

पीडीएफचं पुराण सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. (आमच्या ब्लॉगवर आलात म्हणजे हे आलंच!)

हॅचिंग ही सजावट नव्हे, ती एक प्रकारची लिपी आहे. १६३८ साली सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्टा नावाच्या जेझुइट विद्वानानं युरोपातल्या सरदार घराण्यांची मानचिन्हं काळ्या शाईत छापताना रंग दाखवण्यासाठी रेघांच्या दिशा वापरल्या. आडव्या रेघा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे लाल. पुस्तकात रंग नाही, पण वाचणाऱ्याला रंग 'वाचता' येतो. मग १७९९ मध्ये योहान गेओर्ग लेहमान या सॅक्सन लष्करी अधिकाऱ्यानं डोंगरांसाठी नियम बसवला. उताराच्या दिशेनं रेघा मारायच्या, उतार जितका तीव्र तितक्या जाड. सपाट जमीन पांढरी, ४५ अंशांचा उतार पूर्ण काळा. काळ्या-पांढऱ्याच्या प्रमाणावरून तोफा कुठून चढवता येतील ते सेनापतीला कळावं, ही त्यामागची गरज.

हीच पद्धत आपल्याकडे आली. आपल्या भागाशी याचं नातं जवळचं आहे. विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू केलेली त्रिकोणांची साखळी दख्खनमधून उत्तरेकडे सरकत होती. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना २० जानेवारी १८२३ ला तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. या मोजणीच्या आधारावर १८२७ पासून 'ॲटलस ऑफ इंडिया'चे नकाशे लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जाऊ लागले, एका इंचाला चार मैल. त्यात डोंगर म्हणजे बारीक रेघांच्या झुपक्यांची रांग, कपड्याला कुसळं चिकटल्यासारखी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तांब्याचा पत्रा कोरणाऱ्याला स्केलचा गोंधळ कधीच झाला नसणार. पत्र्याचा आकार ठरलेला, तेवढाच छाप उमटणार. रेघ किती अंतरावर मारली तर डोळ्याला दिसेल आणि शाईनं बुजणार नाही, एवढंच बघायचं. रेघ कागदाची होती. गोंधळ सुरू झाला तो तयार चित्र फोटोनं लहान-मोठं करता यायला लागल्यावर. चित्र निम्मं केलं की रेघाही निम्म्या होतात आणि बुजतात. पुढे छपाईसाठी चिकटवायचे तयार ठिपक्यांचे, रेघांचे पारदर्शक कागद आले, तेव्हाही चित्रकाराला आधी विचारावं लागायचं, "हे छापताना किती लहान होणार?" म्हणजे माझा बग निदान शंभर वर्षं जुना आहे. माझा काही दोष नाही :-)

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १९८२ हे साल भारी आहे. त्याच वर्षी ऑटोडेस्क निघाली आणि ऑटोकॅड आलं, त्याच वर्षी जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी अडोबी काढली. एकानं ड्रॉइंग काढायचं, दुसऱ्यानं छापायचं.

ऑटोकॅडमध्ये एक मोठा बदल झाला. ड्रॉइंग कागदाच्या मापानं काढायचंच नाही. घर ९ मीटरचं आहे ना, मग ९ मीटरचंच काढा, कागदावर बसवायचं ते प्रिंटच्या वेळी बघू. उत्तम कल्पना. पण मग हॅचचं काय? ऑटोकॅडबरोबर येणारा नेहमीचा तिरपा हॅच इंचाच्या फाईलमध्ये ०.१२५ अंतरावर आहे आणि मिलिमीटरच्या फाईलमध्ये ३.१७५ वर. दोन्ही एकच, फक्त २५.४ चा गुणाकार. आता घर मिलिमीटरमध्ये काढलं आणि हा हॅच जसाच्या तसा टाकला, तर भिंतीवर खरोखरच ३ मिलिमीटर अंतरावर रेघा बसतात, आणि १:१०० ला छापल्यावर कागदावर त्यांच्यात ०.०३ मिलिमीटर उरतं. भिंत काळी ठिक्कर. म्हणून हॅचला स्वतःचं वेगळं स्केल द्यावं लागतं, आणि ते प्रिंटच्या स्केलशी जुळवणं हे वर्षानुवर्षं माणसाचंच काम होतं. रेघ आता कागदाची राहिली नव्हती, भिंतीची झाली होती. २००७ मध्ये आलेल्या 'ऑटोकॅड २००८' मध्ये हॅचला 'तू कागदाचा आहेस' असं सांगायची सोय झाली.

आणि अडोबी? सुरुवातीच्या पोस्टस्क्रिप्टमध्ये पॅटर्न भरायची सरळ सोयच नव्हती. लोक प्रिंटरच्या ठिपक्यांच्या जाळीशी खटपट करून काम भागवायचे, आणि प्रिंटर बदलला की नक्षी बदलायची. १९९० च्या दुसऱ्या लेव्हलमध्ये पॅटर्न आला. त्यात पॅटर्न ज्या क्षणी तयार कराल त्या क्षणाचं स्केल त्याच्या अंगात मुरायचं. नंतर तुम्ही चित्र कितीही ताणा, तो आपल्या जागी. मग जून १९९३ मध्ये पीडीएफची पहिली आवृत्ती आली (हो, किल्लारीच्या तीन महिने आधी) आणि १९९६ च्या १.२ आवृत्तीत त्यात पॅटर्न आले. पण पीडीएफमध्ये पॅटर्न 'तयार करण्याचा क्षण' असा नसतोच. तो पानाच्या सामानाच्या यादीत आधीच लिहून ठेवलेला असतो. मग तो कशाला बांधायचा? त्यांनी ठरवलं, ज्या मजकुरात तो वापरलाय त्या मजकुराच्या मूळ मोजपट्टीला. पान असेल तर पानाला.

समजा भिंतीला वॉलपेपर लावलाय आणि त्यावर खिडक्या कापलेला पुठ्ठा धरलाय. पुठ्ठा हलवला, लहान केला, तरी मागचा कागद हलत नाही. पीडीएफचा पॅटर्न तसा. तुम्ही 'सीएम' हा आदेश देऊन अख्खं चित्र मोठं केलंत तर बाह्यरेषा मोठ्या होतात, मागचा पॅटर्न ढिम्म हलत नाही. फायदा असा की शेजारच्या दोन आकारांतल्या रेघा एकमेकींना बरोबर जुळतात. तोटा असा की हे माहीत नसलं तर डोकं फिरतं.

माझं पहिलं डोकं इथेच फिरलं होतं. पीडीएफची मूळ मोजपट्टी पॉइंटची, एका इंचात ७२. मी सुरुवातीलाच 'सीएम'नं २.८३४६ चा गुणाकार करून मिलिमीटरमध्ये काम करत होतो. हॅचचं अंतर ३ लिहिलं, मला वाटलं ३ मिलिमीटर. पॅटर्नला माझ्या गुणाकाराचा पत्ताच नाही, त्यानं ते ३ पॉइंट धरलं, म्हणजे जेमतेम १.०६ मिलिमीटर. ते तेव्हाच सापडलं होतं आणि मी पॅटर्नच्या स्वतःच्या मॅट्रिक्समध्ये २.८३४६ टाकून मोकळा झालो होतो. पहिलं पान दुरुस्त. मी खूश.

पण दुसऱ्या पानासाठी मी हुशारी केली होती. तेच छेद परत कशाला लिहायचे, म्हणून त्यांचे 'फॉर्म' बनवले (पीडीएफमध्ये एकदा लिहून अनेकदा वापरायच्या चित्राला फॉर्म म्हणतात) आणि ते ०.५ नं लहान करून चिकटवले. आता नियम परत वाचा. पॅटर्न बांधलेला असतो तो ज्या मजकुरात वापरलाय त्याला. फॉर्मच्या आत वापरला तर फॉर्मला! पान नव्हे. फॉर्म निम्मा झाला की त्याच्या आतला वॉलपेपरही निम्मा. एकच चित्र, एकच पॅटर्न, एकच आकडा. सरळ पानावर काढलं तर रेघ कागदाची, फॉर्ममध्ये गुंडाळलं तर रेघ चित्राची. प्रमाणग्रंथात हे एका वाक्यात स्पष्ट लिहिलंय. मी ते वाक्य आधी वाचलंही होतं. वाचणं आणि कळणं यात किती अंतर असतं ते या वयात कळतंय.

दिवाळीत लातूरला मामाकडे गेलो तेव्हा दोन्ही कागद बॅगेत होते. मामा सरकारी खात्यात अनुरेखक होते, आता निवृत्त. भूकंपानंतरच्या पुनर्वसनाची ड्रॉइंगं त्यांनी काढलेली. ते काम किती मोठं होतं हे आमच्या पिढीला माहीत नसतं. जागतिक बँकेच्या मदतीनं ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं. आणि त्याखेरीज इतर गावांमध्ये दीड लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण, जागच्या जागी. लातूर भाग तोवर भूकंपाच्या सरकारी नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. २००२ च्या भारतीय मानकात तो तिसऱ्या झोनमध्ये गेला. तोपर्यंत भूकंप म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, आणि आरपार तुकडा, पट्टा या गोष्टी गावोगावच्या गवंड्यांना कागदावरून समजावायच्या होत्या.

मामांनी चष्मा लावून माझे दोन्ही कागद पाहिले. मी पॅटर्न, फॉर्म, मॅट्रिक्स सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आरं, घर लहान काढलं म्हणून बापाचं नाव बारीक लिवतूस का?"

"म्हणजे?"

"नाव वाचायसाठी असतंय. रेघा पण वाचायसाठीच असतेत. आधी कागद ठरवायचा, मग स्केल, अन् रेघा सगळ्यात शेवटी. आमच्यात छेद लहान करायचा आसंल तर नव्यानं ट्रेस करून रेघा नव्यानंच मारायचो. फोटो कुणी काढून देत नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं की ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट निघायची, ती साइटवर जायची, उन्हात उडायची, घडीवर फाटायची. दाट रेघा आधी मरायच्या. म्हणून ते साहेबानं सांगितल्यापेक्षा थोडं मोकळंच मारायचे. घरी आल्यावर पाहिलं तर ड्रॉइंगच्या मानकांतही हेच आहे. समांतर रेघांत ०.७ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर नको. मोठा भाग असेल तर फक्त कडेनं पट्टा मारला तरी चालतं. हे सगळे नियम कागदाच्या मिलिमीटरमध्ये आहेत, भिंतीच्या नाही. एन. डी. भट्टांच्या पुस्तकातून हे शिकून मी परीक्षा पास झालो होतो म्हणे!

पण मामांचं म्हणणं अर्धंच खरं आहे, हे त्यांच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही म्हणून इथे लिहितो. सगळ्या रेघा वाचायसाठी नसतात. फरशीच्या चौकोनांचा हॅच असेल आणि फरशी दोन फुटाची असेल, तर चित्र निम्मं झाल्यावर चौकोन निम्मे व्हायलाच हवेत, नाहीतर माणूस फरश्या मोजून चुकीचा माल आणेल. ती रेघ खरोखर भिंतीची, जमिनीची असते. २००० साली आलेल्या रेव्हिटनं हे ओळखून पॅटर्नचे दोन वेगळे प्रकारच केले, 'ड्राफ्टिंग' आणि 'मॉडेल'. पहिला कागदाचा, दुसरा वस्तूचा. ऑटोकॅड, पोस्टस्क्रिप्ट, पीडीएफ, प्रत्येकानं आपापल्या सोयीनं यातलं एक उत्तर मूळ धरलं. बग येतो तो आपण प्रश्नच न विचारल्यामुळे.

आता माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक हॅचला सांगावं लागतं की तो कागदाचा की वस्तूचा. सांगितलं नाही तर प्रोग्राम पुढेच जात नाही. कागदाचा असेल तर तो भाग फॉर्ममध्ये न गुंडाळता थेट पानावर काढतो. फाईल थोडी जड होते, होऊ दे. (फॉर्मच हवा असेल तर प्रत्येक स्केलसाठी वेगळा पॅटर्न करून मॅट्रिक्समध्ये उलटा गुणाकार करावा लागतो, ०.५ साठी २.) आणखी एक. ४५ अंशांची रेघ चौकोनी तुकड्यात तिरपी काढू नका, तुकड्यांच्या कोपऱ्यांत ती तुटलेली दिसते. तुकड्यात आडवी सरळ रेघ काढा आणि मॅट्रिक्सनंच ४५ अंश फिरवा. खुणांची यादी आता दोन्ही कागदांवर आहे, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरची एक पट्टी. छापल्यावर ती मोजायची. ५० भरली नाही तर प्रिंटरनं 'पानात बसवा' करून घोळ घातलाय असं समजायचं.

नवीन कागद मित्रानं त्याच गवंड्याला दाखवले. त्यानं दोन्ही पाहिले आणि काही विचारलं नाही. मित्र म्हणाला, सुटलो. मला मात्र बरं वाटलं नाही. म्हणून मित्राला सांगितलंय की पहिल्या भिंतीचं पहिलं भोक पाडताना तू स्वतः तिथे उभा राहा.

मामांना नवा प्रिंट व्हॉट्सॲपवर पाठवलाय. त्यांनी अजून उघडलेला नाही. असो. पुढच्या शनिवारी भेटू.